ओट्यापुरतं

कॉन्फिगच्या फायलीत, चौदाव्या ओळीवर
ती सापडली :
चाळीस अक्षरं, मधे एक तिरकी रेघ,
आणि वर माझ्याच हातची टीप –
'तात्पुरतं. सोमवारी काढणे.'

कुठला सोमवार, ते लिहिलं नव्हतं.

वय : दोन हजार नऊशे अकरा दिवस.
म्हणजे विजयनगरच्या ऑफिसात
अजून एसी बसायचा होता तेव्हा.
त्यानंतर माझं आडनाव बदललं,
मग परत पहिलं झालं.
किल्ली तीच.

एवढ्या दिवसांत कुठं कुठं मुक्काम करून आली असेल?
उदयन मिरीकरच्या लॅपटॉपात,
जो त्यानं नोकरी सोडताना पुतणीला दिला.
दोन महिने टिकलेल्या ट्रेनी पोराच्या पेनड्राइव्हवर.
ग्रुपवरच्या एका स्क्रीनशॉटमध्ये :
'ही टाक, चालते.'
कुणी चोरली नाही अजून.
किंवा चोरली, आणि सवडीनं बसलाय कुणी.
कळणार कसं?
किल्लीला चेहरा नसतो,
जो फिरवील त्याची ती.

रात्री साडेनवाला सराफ्यात गेले.
थंडी होती, गराडूचे दिवस.
सोगानींच्या पेढीचं शटर खाली आलं,
मुनीमजींनी कुलूप ओढून पाहिलं, दोनदा,
जुडगा कोटाच्या आतल्या खिशात टाकला,
आणि गेंदालालजींनी त्याच ओट्यावर
कढई मांडली.

मी म्हटलं, चाळीस वर्षं इथंच बसता,
शेठनी एखादी किल्ली दिलीच असेल की तुम्हांला.
झारा न थांबवता ते हसले :
'चाबी का क्या करना, बाई?
फिर सँभालनी पड़े.'

रोज तिन्हीसांजेला ते येतात.
मुनीमजी चष्म्यावरून बघतात, मान हलवतात.
झालं.
रात्री दोनला ओटा धुतलेला,
जिरावनाचा वाससुद्धा परत केलेला.
एकदा ते तापानं पडले, पुतण्याला पाठवला,
तर मुनीमजींनी त्याला
तू कोण, कुणाचा, कशासाठी, म्हणत
अर्धा तास कढईसकट उभा ठेवला होता.

चाळीस वर्षं.
पण एका वेळी एकच रात्र.

घरी येऊन, हाताला लिंबाचा वास असतानाच,
मी ती चाळीस अक्षरं काढली.
त्यांच्या जागी काहीच लिहिलं नाही.
आता सर्व्हरनं स्वतः जायचं आणि सांगायचं :
मी अमुक, अमक्या ठिकाणाहून आलो,
एवढंच एक कपाट उघडायचं आहे.
तासाभराचा परवाना घेऊन यायचं.
तास संपला की पुन्हा चष्म्यावरून बघणं,
पुन्हा मान.

जुनी किल्ली लगेच मारत नाहीत.
आधी नुसती निजवायची
आणि कान देऊन बसायचं,
कोण ओरडतं ते.

बारा. एक. टिळकनगरात चौकीदाराची शिट्टी.
तीन वाजून सात मिनिटांनी
पीथमपूरच्या गोदामाचा एक रिपोर्ट
लाल होऊन रडायला लागला.
तो कुणाला जातो,
कुणी वाचतं का,
मलाही आठवेना.
त्यालाही नाव दिलं. त्याचाही एक तास.

मग पुसली.
'नक्की?' यंत्रानं विचारलं.
इतक्या सरळ मला
त्या दोन हजार नऊशे अकरा दिवसांत
कुणी काही विचारलं नव्हतं.

टीप मात्र आहे. इतिहासात राहतेच ती,
फाइल कितीही घासा :
तेव्हाचं आडनाव, तारीख,
आणि ती चाळीस अक्षरंही,
जी आता काहीच उघडत नाहीत.

उजाडताना सहज वार बघितला.
गुरुवार.