गोडं पाणी

समुद्र आमच्या मागच्या दारी.
इतका, की उधाणाच्या रात्री
चपला मोजून आत घ्यायच्या.
तरी त्या मंगळवारी
होडीचं इंजिन दुरुस्तीला गेलेलं,
आणि बाबा म्हणाले, चला, तळ्यावर जाऊ.
आई म्हणाली, "पाणी बघूक?"
म्हणाली, आणि बांगडे तळायला बसली.

ग्रेगरीच्या सहा आसनीत आम्ही नऊ जण.
कातळसडा संपला, खाली तळं.
एका टोकाला वाळू,
दोन लुगडी वाळत घालता येतील एवढीच.
ग्रामपंचायतीची पाटी:
साबण लावू नये. गुरे धुवू नयेत.
पाटीच्या सावलीत एक म्हैस.

बोट म्हणजे प्लास्टिकचा हंस,
एका डोळ्याचा रंग उडालेला.
तिकिटं फाडणाऱ्या पोरानं
बाबांपुढे नारिंगी जाकीट धरलं.
"माका?"
"नियम आसा, काका."
उलट्या होडीच्या पाठीवर
दोन रात्री काढलेला माणूस
गुपचूप हात वर करून उभा राहिला.
पट्टा पोटावर पुरेना.
हंस जागच्या जागी गोल फिरत राहिला.
धाकटा हसून हसून उचक्या देऊ लागला.

मग जाकीट काढून
बाबा पाण्यात उतरले,
समुद्रात पडतात तसे
पाठीवर सैल पडले,
आणि कानापर्यंत खाली गेले.
नाकातलं पाणी शिंकरत म्हणाले,
"ह्या पाणी माणसाक धरणा नाय."

"पाय हलव," आई म्हणाली.
ती कमरेइतक्या पाण्यात, काष्टा घातलेली.
आणि मग ती तिथं नव्हतीच.
तळ्याच्या मधोमध
कमळाच्या पानांना वळसा घालून
तिचा अंबाडा चालला होता,
पाण्याचा आवाज न करता.
पाणकावळा उडालासुद्धा नाही.

आईचं माहेर वर, घाटाच्या पायथ्याशी.
तिथं तळं होतं, एवढं आम्हाला ठाऊक होतं.
"तुला पोहता येतं?" मी काठावरून ओरडले.
तिनं पलीकडच्या दगडाला हात लावला,
वळली, दम खाल्ला.
"माका कोणी इचारल्यान?"

बांगडे गार झाले होते.
बाबांनी काटे काढून
पहिला तुकडा तिच्या ताटलीत टाकला.
कुणी काही बोललं नाही,
म्हैस तेवढी फुर्रकन शिंकली.

परतताना संध्याकाळी
रिक्षात मी पाहिलं,
बाबांनी हळूच मनगट जिभेला लावलं,
चव घेतली,
पुन्हा लावलं.
आईच्या केसांतून पाणी गळत होतं.
"वैनी," ग्रेगरी आरशातून म्हणाला,
"सगळी सीट भिजवलास."
तिनं केस आणखी मोकळे सोडले.