तळवे सोडून

खारा वारा पडलेला असतो, मतलई अजून सुटायची असते,
त्या मधल्या अर्ध्या तासात
सुरूचं बन श्वास धरून उभं राहतं
आणि मग ते येतात.

"आले बघ पाव्हणे,"
हशमतभाई बाटलीचं बूच दातांनी उपसतात.
उंडीचं तेल. काळपट हिरवं, दाट,
त्यांचे बाप होडीच्या फळ्यांना चोळायचे तेच,
खोबरेलात निम्मं निम्मं,
वर ठेचलेली गवती चहाची पात, आठ दिवस उन्हात मुरवलेली.
वास असा, की मार्चपासून माझा शर्ट
आई वळणीवरून घरात घेत नाही.

"पोटऱ्या, घोटे, मान, कानामागं.
तळवे सोडून."

तळवे सोडून,
कारण तळव्यांनी कासवाची अंडी उचलायची असतात
आणि अंड्याला आपलं काही लागता कामा नये,
ना तेल, ना अत्तर, ना बाजारातलं गुलाबी मलम,
जे लावून मी पहिल्या रात्री ऐटीत आलो होतो.
तेव्हा त्यांनी राखेनं तीनदा हात धुवायला लावले,
मग ते हात नाकाशी नेऊन हुंगले
आणि म्हणाले, "अजून एकदा."

धुराचं मडकं वाळूच्या उंचवट्यामागं, केवड्याच्या आडोशाला.
तळाला शेणीचा तुकडा, त्यावर नारळाची सोडणं,
वर मूठभर ओली निगडी,
तोंडावर भोकं पाडलेली खापरी.
जाळ दिसता कामा नये.
पिल्लं उजेड बघून चालतात,
जाळालाच दर्या समजतील.
म्हणून धूर हवा, विस्तव नको.
पण वारा नसेल तर धूर नुसता उभा राहतो
आमच्याकडे पाठ करून,
आणि आम्ही दोघं जाळीच्या कुंपणापाशी
फटाफट स्वतःलाच मारत बसतो.

"दर्यात डास होत नाय," ते एकदा म्हणाले,
"वाडीत होतात. बघ जाऊन."
गेलो. दिवसा, झोपमोड करून.
शहाळ्यांच्या गाडीमागं दोन-अडीचशे रिकामी शहाळी, प्रत्येकात घोटभर पाणी.
ओढून ठेवलेल्या होडीवरच्या ताडपत्रीत एक तळं.
आणि आमच्याच पोफळींमध्ये, शिंपण्याच्या फुटक्या दोणीत
शेवाळाखाली वळवळणारी
काळी स्वल्पविरामं, शेकड्यांनी.
हशमतभाईंना सांगितलं नाही.
त्यांनी विचारलंही नाही.
दुसऱ्या दिवशी दोणीत चार गप्पी मासे फिरत होते
आणि काठावर ओल्या रबरी चपलेचा ठसा.

एकदा पुण्याची एक बाई पहाटे पिल्लं बघायला आली,
मनगटावर डास पळवणारा निळा पट्टा.
"तुमच्याकडे नैसर्गिक काय वापरतात?"
भाईंनी खूप विचार केला.
"वारा," म्हणाले.

काल रात्री पावणेतीनला सातव्या घरट्याची वाळू खचली.
आधी एक नाक. मग सगळी एकदम,
कढईत उकळी फुटावी तशी.
मी मोजत होतो, एकेक टोपलीत ठेवत,
एकतीस, बत्तीस,
तेहतिसावं तळव्यावर होतं, ओलं, हात मारणारं,
तेव्हा तो बसला.
नेमका तिथंच, अंगठ्याच्या बुडाशी,
साऱ्या अंगावरच्या एवढ्याशा मोकळ्या जागेत.
दुसरा हात टोपलीत.
फुंकर मारली. हलला नाही.
लाल बॅटरीत त्याचं पोट फुगताना दिसलं
आणि पिल्लू माझ्या करंगळीवरून
दर्याच्या दिशेनं आधीच निघालेलं.

प्यायला तो पोटभर. उडाला, जड होऊन.
मी पुढं मोजलं. चौतीस.

मतलई तेवढ्यात सुटली. निगडीचा कडवट धूर
आमच्या डोक्यांवरून पाण्याकडे निघाला.
भाईंनी बाटली बॅटरीसमोर धरून पाहिली.
"संपत आलं. मशिदीमागच्या उंड्यांखाली पडल्यात फळं,
उद्या गोणी घेऊन ये.
आणि खाजवू नको,
अजून धा-वीस आत हायेत."