बाकी दोनशे

सत्तावीस वर्षं केएमटीत कंडक्टर.
चामड्याची पिशवी डाव्या खांद्यावर,
चिल्लर वाढली की मी तिकडंच कलायचो.
रिटायर झालो, पिशवी डेपोत जमा केली.
कलणं जमा करून घेणारी खिडकी नव्हती,
ते घरी आलं माझ्याबरोबर.

डॉक्टर म्हणाले, योग करा.
कुठला, ते नाही म्हणाले.

ताराबाई पार्कात गारेगार हॉल, चारी भिंतींना आरसे.
चारी आरशांत एकेक कललेला कंडक्टर,
कुणी कुणाला तिकीट विचारायचं?
शिकवणारा पोरगा चांगला होता, चपळ, हसरा,
मोजायचा मात्र विनाथांबा गाडीसारखा:
मी पाचव्या आकड्यावर चढेपर्यंत
तो विसावर पोचलेला.
तिसऱ्या दिवशी कंबर धरून बसलो,
महिन्याचे पैसे तिथंच सोडले.

रंकाळ्यावर पहाटे एक गट जमतो.
तिथं हसायचं असतं. हसलो.

पन्हाळा रोडला एक गुरुजी.
त्यांनी आधी माझं मीठ बंद केलं, मग चहा,
मग तांबडा-पांढरा.
म्हणाले, शुगर जाते, चष्मा जातो, क्रोध जातो.
चौथ्या दिवशी मीच गेलो.

मेहुणा सांगायचा, अमुकच पद्धत खरी, बाकी सगळी कसरत.
त्याचा साडू सांगायचा, अमुक सोडून काहीही कर.
चुकीच्या गाडीत बसलेला माणूस
शेवटी कंडक्टरवरच ओरडतो, हे मी खाल्लेलं आहे,
म्हणून मी कुणाला नावं ठेवली नाहीत.

मग उत्तरेश्वर पेठेत, गिरणीच्या माडीवर,
मालन मुजावर.
सीपीआरला तीस वर्षं आया होत्या,
पेशंट या कुशीवरून त्या कुशीवर वळवताना
शिकल्या असतील जे काही शिकल्या ते.
खाली ज्वारी दळत होती, फरशी थरथरत होती,
सतरंजीवर पिठाची साय.
मी रिपोर्टची पिशवी सोडायला लागलो.
त्यांनी बघितलंच नाही.
दाराशी गेल्या, माझ्या कापशी चपला उचलल्या,
उलट्या करून तळ बघितला.

"डावी टाच पार खाल्लीय की हो.
काय वाहत होता?"

हे कुणी विचारलं नव्हतं.
मी म्हणालो, चिल्लर.

"बरं. बघतो मी," म्हणाल्या,
आमच्याकडच्या बायका म्हणतात तसं, बघतो.

पहिला दिवस नुसतं उभं केलं.
दोन्ही पायांवर सारखं. बास.
जन्म उभ्यानं काढलेला मी,
वरच्या दांडीला लोंबकळत, सीटच्या पाठीला टेकत,
धरायला काही नसताना दोन मिनिटांत घामेजलो.

वाकायची पाळी आली तेव्हा
बोटं अंगठ्याला लावायचीच म्हणून जोर केला.
पाठीवर पीठ लागलेला हात आला.
"कुठं निघालाय एवढं?
दुखायच्या एक स्टॉप आधी उतरायचं."

मी, ज्यानं आयुष्यभर
पुढं सरका, पुढं सरका केलं,
चार बोटं मागं सरकलो.
तिथं श्वास होता.
भर गर्दीत खिडकीची सीट मोकळी निघावी, तसा.

या प्रकाराला काय म्हणतात, एकदा विचारलं.
म्हणाल्या, "तुमच्या गाडीला नंबर होता ना, मग झालं तर."

मांडी अजून पुरती बसत नाही.
खांदा वर आलाय म्हणते बायको.
असेलही. तिथं आरसा नाही.

काल फी दिली, पाचशेची नोट.
सुट्टे नव्हते त्यांच्याकडं, गिरणीवाल्याकडंही नव्हते.
पावती उलटी केली, मागं पेन्सिलीनं लिहिलं:
बाकी दोनशे.

किती जणांना मी असं लिहून दिलं,
आणि किती जण स्टॉप आल्यावर
घाईत तसेच उतरून गेले.

पावती वरच्या खिशात ठेवलीय. डाव्या.
वजन काही नाही.
उद्या साडेसहाला आणायला जायचंय.