कागदाच्या मागच्या बाजूला

डॉक्टरीणबाई, तुम्ही म्हणालात :
ही सुई फक्त चाचणीची, भूल पाच-सहा तास टिकेल.
घरी जाऊन निजू नका. जे केलं की दुखतं, तेच करा.
दर तासाला आकडा लिहा, शून्य ते दहा.

एकोणीस वर्षांत असं कुणी सांगितलं नव्हतं.
सगळे म्हणायचे, जपा.

वाल्पराइसोच्या आमच्या टेकडीवर ट्रक चढत नाही,
म्हणून माझी कंबर होती.
खांद्यावर गॅसचा सिलिंडर, एकशे त्रेसष्ट पायऱ्या,
मागे समुद्र, वर कुणाची तरी अडलेली चूल.
कंबर कसणं मला चामडी पट्ट्यानं शिकवलं,
कंबर बसणं
एका मंगळवारी सत्तेचाळिसाव्या पायरीनं.

बारा वाजता : शून्य.
खोडलं. पुन्हा लिहिलं.
बुटाची नाडी बांधायला वाकलो
आणि वाकलेलाच राहिलो, हौसेनं.
पलंगाखाली एक हिरवी गोटी सापडली, मुलाची.
मुलगा आता आन्तोफागास्ताच्या खाणीत असतो,
तोही पाठीवरच कमावतो.

दोन वाजता : शून्य.
वर जाऊन ऑर्तेन्सियाबाईंना विचारलं, गॅस संपलाय?
त्यांनी चुलीवरची कढई पदराआड करावी तशी अंगामागे लपवली
आणि म्हणाल्या, हो एलेउतेरिओ, आत्ताच.
अर्धा भरलेला सिलिंडर मी खाली नेला,
तोच पुन्हा वर आणला.
सत्तेचाळिसाव्या पायरीवर थांबलो.
दम लागला होता. नुसता दम.

पाच वाजता ती आली,
उशिरा घरी परतणाऱ्या माणसासारखी
चपला हातात घेऊन.
दोन. मग चार. जेवताना सात.

कागद बघून तुम्ही खूश झालात : शीर सापडली!
पुढच्या महिन्यात तिला ऐंशी अंशांवर भाजायचं,
नव्वद सेकंद.
(एवढ्यात मी सत्तेचाळीस पायऱ्या चढायचो.)
वर्षभरात ती पुन्हा उगवेल, म्हणालात,
मग पुन्हा या.

येईन.
पुढे जागा नव्हती म्हणून इथे विचारतो :
एवढी वर्षं तीच म्हणायची, बस झालं, ठेव खाली.
आता ते कोण म्हणेल,
ऑर्तेन्सियाबाईंचा गॅस
खरंच संपेल तेव्हा?