दोन बोटं सैल

शालिमारला तो सिनेमा लागला त्या शुक्रवारपासून
सेलूतली पोरं एकदम रुंद चालायला लागली.
सोमवारी माझ्या मशीनपुढं रांग.
"खलीलचाचा, तसाच पायजे. काळा. कॉलर तशीच."
तशीच म्हंजे कशी रे?
एकानं हवेत बोट फिरवलं, एकानं मान तिरकी केली,
तिसरा नुसता बघत राहिला माझ्याकडं, त्याच्यासारखा.
मापात काही बसेना.

म्हणून गेलो. कॉलर बघायला चाललो, असं घरी सांगून.
सहाचा खेळ. पत्र्याखाली दिवसभराचं ऊन अजून बसून होतं,
पंखा फिरायचा, पण आपला स्वतःपुरता.
तो आला. म्हणजे आधी बूट आले,
मग धूर, मग आवाज,
सगळ्यात शेवटी चेहरा, कसलीच घाई नसलेला.
शेजारच्या हमालाच्या मुठीत शेंगदाणे तसेच राहिले.

त्याच्या बापाला चौघांनी मारलं होतं.
गोष्ट तेवढीच, बाकी सगळी वसुली.
मी धंद्याच्या नजरेनं बघत होतो:
एवढी हाणामारी, पण बगलेत शिवण उसवत नाही.
असा शर्ट कापडाचा होतच नाही, हे कळत होतं मला.
तरी चौथ्याची गचांडी धरून त्यानं हळूच विचारलं,
"ओळखलं का?"
आणि माझ्या तोंडातून शिटी गेली,
समोरचे दोन दात नसलेली,
अर्धी हवाच.

एकोणीस वर्षं हे वाक्य माझ्याजवळ होतं.
ते असं म्हणायचं असतं, एवढंच ठाऊक नव्हतं.

भुजंगराव. नावसुद्धा सिनेमात शोभणारं.
पोरीच्या लग्नातल्या सफारीला दोन दिवस उशीर झाला
म्हणून भर मोंढ्यात माझ्या कानाखाली.
कानावरचा खडू उडून नालीत पडला
आणि मी वाकून तो शोधत बसलो.
मारल्याचं एवढं नाही,
शोधत बसलो त्याचं लागतं अजून.
पडद्यावर वाकलेला माणूस
उठताना दुसराच कोणी होऊन उठतो.
ऐंशी रुपयांत हे स्वस्त आहे.

बुधवारी अकरा काळे शर्ट तयार, खिळ्यांना टांगलेले,
अकरा तो, बिनमुंडक्याचे.
आणि दारात काठी टेकत भुजंगराव.
"मास्टर, नातवाच्या बारशाला एक सदरा. माप घ्या."
छाती जुन्या वहीत बेचाळीस, आता अडतीस.
खांदा उतरलेला.
मग गळा.
टेप त्याच्या मानेभोवती, दोन्ही टोकं माझ्या मुठीत.
घाटी वर गेली, खाली आली.
मागं वाऱ्यानं ते अकरा हलले.
मी हळूच म्हटलं, "ओळखलं का?"

"आं?" त्यानं दुसरा कान पुढं केला.
"ह्या बाजूनं बोला. तो कान गेला कवाच."

"सैल पायजे का, म्हटलं."
"बगा तुमीच."

दोन बोटं ठेवली आत. धंद्याचा कायदाच आहे तो.

शनिवारी परत निघालो शालिमारला.
घरी सांगितलं, कफ बघायचे राहिलेत.