क्लिंच : सकर्मक क्रियापद

कूलरच्या टाकीतलं पाणी दुपारी दोनला संपतं,
मग धंतोलीतल्या त्या खोलीत नुसता गरम वारा
आणि वजनाखाली फडफडणारे कागद.
मेअखेर 'सी' हे अक्षर संपलं पाहिजे,
तितरमारे सरांनी फळ्यावर लिहून ठेवलंय,
आणि मी तीन दिवस एकाच शब्दापाशी.

क्लिंच.
सामना, सौदा, वाद, पदक,
काहीही असं संपवणं
की समोरच्याला पुन्हा तोंड उघडायला जागा उरू नये.

बाजी मारणे, लिहिलं. खोडलं.
मैदान मारणे. कस्तुरचंद पार्कावर
लहानपणापासून जातेय, कुणी मारताना दिसलं नाही,
सभा संपल्यावर शेंगांची टरफलं तेवढी उरतात.
मराठीत जिंकायचं तर काहीतरी मारावंच लागतं,
हे पहिल्यांदाच लक्षात आलं.
फत्ते करणे : तोफेचा धूर येतो.
तडीस नेणे : यात जिंकणं कुठंय?
पैलतीरी पोचून माणूस धोतर पिळत बसलाय.
कळस चढवणे : हा शब्द आमच्याकडे
मूर्खपणाच्याच डोक्यावर बसतो जास्त.

वाक्यात उपयोग द्यायचा असतो शेवटी.
'रेशीमबागच्या मुलींनी शेवटच्या चढाईत सामना…'
'वकिलांनी एका पावतीवर खटला…'
'तिने अखेर नोकरी…'
इथे पेन थांबलं. मला पानामागे पैसे मिळतात.

अल्ताफभाई कीबोर्डवरून मान न काढता म्हणाले,
ताई, तुम्ही अर्थ क्रमांक एक सोडून दिला.
जुना आहे म्हणून सोडला होता.
पाहिलं : खिळा आरपार गेल्यावर
पलीकडे निघालेलं टोक वाकवून लाकडात बसवणे.

आणि एकदम कळमन्याचा वास आला,
ओल्या सालींचा, भुश्शाचा, बिडीचा.
बाबा मांडी घालून. तोंडात सात-आठ खिळे.
मृगाच्या बहाराला दिवसाला चाळीस पेट्या,
आंबियाला त्याहून जास्त.
मी शाळेतून थेट तिथं जायची, फळ्या द्यायची.
एकदा विचारलं, ठोकला न खिळा, मंग उलटी काऊन करता पेटी?

"ठोकनं त कोनालेही येते, पोरी.
टोक सुटं राह्यलं त संत्र्याले रुतते.
एक रुतलं का अख्खी पेटी नासते, दिल्लीले जाईजाईतो."

मग आतल्या अंगानं हातोडीचा एक हलका घाव.
नाक दाबलं, असं म्हणायचे ते त्याला.
नंतर अंगठा फिरवायचे, डोळे मिटून,
चारही कोपऱ्यांत,
आणि पेटी सरकवून द्यायचे. पुन्हा बघायचे नाहीत तिच्याकडे.

प्लॅस्टिकचे क्रेट आले त्या वर्षी
शालिकराम बोकडे कुणाशी भांडले नाहीत.
हातोडी घरी आणली, तिचा दांडा धुतला.

नोंद लिहिली मी :
क्लिंच. (१) खिळ्याचं नाक दाबणे.
(२) यश असं पक्कं करणे की ते निसटू नये
आणि कुणाला रुतूही नये.

दुसऱ्या भागावर सरांची लाल रेघ :
'हे कुठल्या कोशात आहे?'
पहिल्यावर : 'बोली. वगळा.'
वर त्यांच्या वळणदार अक्षरात, बाजी मारणे.
छापायला गेलंय तसंच.
अल्ताफभाईंनी मात्र मूळ फाइल पुसली नाही,
नाव बदलून ठेवलीय, म्हणाले, असू द्या.

आमच्या स्वयंपाकघरात पेटीच्या फळ्यांचं एक मांडणं आहे,
डब्यांच्या ओझ्यानं मधे थोडं वाकलेलं.
रात्री भांडी लावताना
कधीकधी त्याच्या खालून तळवा फिरवते,
या टोकापासून त्या टोकापर्यंत.

काही लागत नाही.