नात्याचा रकाना

फ्रेझरबर्गला डिसेंबरात दुपारी तीनलाच दिवे लागतात.
माझी गाडी वळली की
सेंगाच्या खिडकीतला पडदा हलतो,
आणि मी दार वाजवेपर्यंत
कॉरन बूट घालून पायरीवर बसलेला,
पाठीवर दप्तर, दप्तरात दात घासायचा ब्रश.

"कुठे निघालास?" पहिल्यांदा विचारलं होतं मी.
"ते तुम्ही सांगायचं," म्हणाला. सात वर्षांचा.

माझ्याकडे तेरा पानी अर्ज.
धुराचा अलार्म: आहे. खिडकीला कडी: आहे.
मुलाला पलंग: आहे.
तो सेंगाचा, ती आता कोचावर झोपते,
हे विचारलेलं नाही, म्हणून लिहिलेलं नाही.
पान चार. मुलाशी नातं.
आजी, मावशी, आत्या, थोरली बहीण.
एका चौकोनात खूण करायची.

सेंगा हात पुसते.
अकरा वर्षं हॅडॉक चिरल्याचा वास
पुसून जात नाही.
"याची आई पट्ट्यावर माझ्या डावीकडे उभी असायची.
तिचा सुरा बोथट झाला की माझा द्यायचे.
याला काय म्हणतात तुमच्यात?"

'इतर', मी लिहिते.

आई अ‍ॅबर्डीनहून रविवारी फोन करते.
कधी करते.
नाही आला की सेंगा केटली भरते,
ओतून देते, परत भरते.
कॉरन मोजत बसतो,
रविवार नव्हे, केटल्या.

मी निघाले की ती वाकते,
त्याच्या बुटांच्या नाड्या सोडते.
बोलत काही नाही.
गाठ इतकी आवळलेली
की एकदा दात लावावे लागले.

मार्चमध्ये गेले तेव्हा समुद्रावरून धुकं चढत होतं.
पडदा हलला नाही. मीच दचकले.
दार त्यानंच उघडलं,
एका पायात बूट, दुसरा अनवाणी,
बोटांना पिवळा रंग.
"आज मला वेळ नाही," म्हणाला,
"आम्ही भिंत रंगवतोय."
आतून सेंगा ओरडली, दार लाव, गारठा येतोय.
मला आत घेऊन की बाहेर ठेवून,
ते सांगितलं नाही.

गाडीत बसून पान चार काढलं.
'इतर'पुढे एक ओळ मोकळी असते: स्पष्ट करा.
थंडीनं पेन धरत नव्हतं.
लिहिलं, नाड्या सोडणारी.
मग खोडलं, साहेब विचारतील.

उजेडापुढे धरलं तर
खोडलेलं वाचता येतं.